शनिवारचा आकडा सोमवारी

आमची दोन कृषी केंद्रं आहेत, म्हणजे खतं, बियाणं आणि कीटकनाशकांची दुकानं. एक तालुक्याच्या गावी, ते बाबा आणि मी पाहतो. दुसरं तिथून अठरा किलोमीटरवर, नदीकाठच्या बाजाराच्या गावात, ते काकाजींकडे. माल दोन्हीकडचा मीच मागवतो, कारण ठोक विक्रेत्याचं खातं आमच्या नावावर आहे आणि काकाजींच्या गावात फोनला रेंज मिळायची तर गच्चीवर चढावं लागते. काकाजी शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून थप्प्या मोजतात आणि आकडे कागदावर लिहितात. तो कागद रविवारी कोणाच्या तरी हातून, नाहीतर सोमवारी सकाळच्या एसटीने माझ्याकडे येतो. सोमवारी मी ऑर्डर देतो आणि पाच दिवसांनी, म्हणजे शनिवारी, गाडी काकाजींच्या दारात लागते.

वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये गाडं अडकलं.

कपाशीला खताची मात्रा द्यायचे दिवस होते. वीस-वीस-शून्य-तेरा या खताच्या पन्नास किलोच्या बॅगा भराभर उठत होत्या. त्या शनिवारच्या कागदावर आकडा होता ४०. त्याच्या आदल्या शनिवारी १२४ होत्या, आणि मधल्या सोमवारी मी १०० मागवल्या होत्या. मी सरळ हिशेब मांडला: १२४ अधिक १०० म्हणजे २२४, उरल्या ४०, म्हणजे आठवड्यात १८४ खपल्या. दिवसाला २६! एवढा खप काकाजींच्या दुकानाने कधी पाहिला नव्हता. मी लगेच ३०० ची ऑर्डर टाकली आणि बाबांना सांगितलं, यंदा तिकडे जोर आहे.

शंभरची गाडी शनिवारी आलीच नव्हती. वाटेत बिघडली आणि रविवारी दुपारी उतरली. म्हणजे खरा खप १२४ वजा ४०, फक्त ८४. दिवसाला १२, नेहमीसारखा. तीनशे बॅगा पोचल्या त्याच दिवशी झड लागली ती आठ दिवस. झडीत खत कोण टाकते? काकाजींचा फोन आला, गच्चीवरून, छत्री धरून: "काऊन बे, इतक्या बॅगा कायले पाठवल्या? इथं पाय ठेवाले जागा नाही." मी म्हटलं, तुमचा खपच तेवढा दिसत होता. "खप कुठचा? गाडी तं रविवारी आली. तू इचारलंच नाही."

मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. पण त्यांनी मोजणीत काही चूक केली नव्हती, मीही बेरीज-वजाबाकी चुकलो नव्हतो. कागदावरचा आकडा खरा होता, फक्त तो शनिवारचा होता आणि मी त्याला सोमवारचा समजलो. तेव्हापासून या विषयाचा मी जरा नाद घेतला. जे कळलं ते इथे लिहितो, कारण ज्याचं एक दुकान आणि एक गोदाम आहे, किंवा जो गावोगावच्या बचत गटांना माल पुरवतो, त्या प्रत्येकाकडे असाच शिळा आकडा येत असतो.

पहिली गोष्ट: माल किती आहे, हा प्रश्नच अपुरा आहे. हाती किती, वाटेत किती आणि कबूल किती, अशा तीन राशी असतात. हाती म्हणजे थप्पीत. वाटेत म्हणजे ऑर्डर दिली पण उतरली नाही. कबूल म्हणजे शेतकऱ्याने पैसे देऊन ठेवलेत पण बॅगा उचलल्या नाहीत. ऑर्डर देताना बघायचा आकडा असा: हाती अधिक वाटेत वजा कबूल. त्या शनिवारी हाती ४०, वाटेत १०० आणि एका शेतकऱ्याच्या १५ बॅगा कबूल होत्या. म्हणजे १२५. मी मात्र फक्त ४० पाहिले, आणि वर त्या शंभर बॅगा खपल्या असंही धरलं. एकच चूक दोनदा लागली: माल कमी दिसला आणि खप जास्त दिसला. उशिरा येणाऱ्या माहितीत हे हमखास होते. उतरायच्या मालाची तारीख आणि मोजणीची तारीख जुळली नाही की तो माल एकतर दोनदा मोजला जातो नाहीतर एकदाही नाही.

वाटेतला माल विसरणं ही काही माझी एकट्याची खोड नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास एक खेळ तयार झाला. जे फॉरेस्टर नावाच्या प्राध्यापकांच्या कामातून तो आला. खेळात चार जण एका रांगेत बसतात: किरकोळ दुकानदार, ठोक विक्रेता, वितरक आणि कारखाना. माल आहे बिअरचा. प्रत्येकाला मागच्याकडून फक्त ऑर्डरची चिठ्ठी मिळते, तीही उशिरा, आणि माल यायलाही काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ पेट्या असते, ती एकदाच ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. बस, एवढाच बदल. तरी कारखान्याकडे पोचेपर्यंत ऑर्डरी उसळतात, मग शून्यावर येतात, मग पुन्हा उसळतात. खेळणारे एकमेकांवर चिडतात आणि गिऱ्हाइकाची मागणी खालीवर झाली असणार असं शपथेवर सांगतात. त्याच संस्थेतल्या जॉन स्टर्मन यांनी अशा कितीतरी खेळांचे आकडे तपासून १९८९ मध्ये दाखवून दिलं की माणसं ऑर्डर देताना वाटेतला माल जवळजवळ हिशेबातच धरत नाहीत. हातची थप्पी बारीक दिसली की घाबरून मागवतात, तो माल यायच्या आत पुन्हा मागवतात, आणि मग सगळा एकदम येऊन पडतो.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या तीनशे बॅगाच दिसल्या.

आता दुसरा भाग, आणि इथे माझा समज साफ उलटला. मला वाटायचं की कागद दोन दिवस उशिरा येतो म्हणून आपल्याला भरपूर जादा माल ठेवावा लागतो. मोजून पाहिलं तर तसं नाही.

समजा आज सोमवार आहे आणि हाताशी शनिवारचा आकडा आहे. आज दिलेली ऑर्डर येत्या शनिवारी उतरेल. त्यानंतरची ऑर्डर पुढच्या सोमवारी, ती उतरेल त्याच्या पुढच्या शनिवारी. म्हणजे शनिवारी मोजलेला माल, वाटेतला माल आणि आजची ऑर्डर, एवढ्यावर मोजणीपासून किती दिवस काढायचे? बातमीचे २, गाडीचे ५ आणि पुढच्या ऑर्डरीपर्यंतचे ७. एकूण १४. दिवसाला १२ बॅगांनी १६८. हा झाला सरळ खप. पण रोज काही बाराच उठत नाहीत. कधी ४, कधी २०. आमच्या वहीतून काढलं तर रोजचा चढउतार साधारण ६ बॅगांचा निघाला. चौदा दिवसांचा चढउतार मात्र ६ गुणिले १४ होत नाही, कारण एखादा दिवस जास्त गेला की दुसरा कमी जातो आणि ते एकमेकांना काटतात. तो ६ ला १४ च्या वर्गमूळाने गुणून येतो, म्हणजे सुमारे २२. शंभरातून पंच्याण्णव वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर त्याला १.६५ ने गुणायचं: ३७ बॅगा. ही झाली अडीनडीची थप्पी. १६८ आणि ३७ मिळून २०५.

सोमवारचा हिशेब मग एका ओळीचा. २०५ पर्यंत जायचं आहे, आपण १२५ वर आहोत, मागवा ८०. मी ३०० मागवल्या होत्या. वरच्या २२० बॅगा, बॅगेचे तेराशे धरले तर २ लाख ८६ हजार रुपये, आठ दिवस झडीत भिजट हवा खात पडले. खालच्या दोन ओळींतल्या बॅगांत ढेकळं झाली. ती फोडून शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं बाबांना पटलं नाही, म्हणून आमच्याच वावरात टाकली.

आता बातमी दोन दिवस उशिरा न येता त्याच क्षणी आली असती तर? मग १४ ऐवजी १२ दिवस. अडीनडीची थप्पी ६ गुणिले १२ चं वर्गमूळ गुणिले १.६५, म्हणजे ३४. कुठे ३७ आणि कुठे ३४! दोन दिवसांच्या उशिराची खरी किंमत तीन बॅगा. मधल्या दोन दिवसांच्या २४ बॅगा काही थप्पीत पडून राहत नाहीत, त्या शेतकऱ्याच्या शेतात गेलेल्या असतात, फक्त आपल्याला ते अजून कळलेलं नसते. उशीर माहीत असला आणि दर वेळी सारखाच असला तर तो स्वस्त पडतो. शिळा आकडा ताजा समजून वापरला की २२० बॅगा पडतात.

यावर आमच्या एका शिक्षक मित्राने बरोबर बोट ठेवलं. तो म्हणाला, तुझं वर्गमूळ तेव्हाच चालते जेव्हा आजच्या खपाचा उद्याच्या खपाशी संबंध नसतो. हंगामात तसं कुठे असते? पाऊस उघडला की सलग चार दिवस गर्दी, झड लागली की सलग चार दिवस शुकशुकाट. एक दिवस दुसऱ्याला काटत नाही, उलट वाढवतो. अशा वेळी दोन दिवसांचा उशीर तीन बॅगांवर भागत नाही. हे मान्य. म्हणून वर्षभर कागद चालतो, पण जूनच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत आम्ही आता दुसरं काही करतो. ते पुढे सांगतो.

त्याआधी कागदच सुधारला. बदल तीनच केले आणि एकालाही पैसा लागला नाही. आकड्यासोबत दिवस आणि वेळ लिहायची. शेवटची कोणती गाडी मोजणीत धरली, तिच्या चलनाचा, म्हणजे मालासोबतच्या पावतीचा, नंबर लिहायचा. एवढ्या दुसऱ्या एका ओळीने तीनशे बॅगा वाचल्या असत्या. तिसरा बदल काकाजींना आधी अजिबात पटला नव्हता: कोण परत गेलं ते लिहायचं. समजा बुधवारी दुपारी माल संपला आणि शनिवारपर्यंत थप्पी रिकामीच राहिली, तर कागदावर आठवड्याचा खप ४५ दिसतो. मी वाचतो की मागणी घटली, आणि पुढच्या वेळी अजून कमी मागवतो. मागणी घटलेली नसते, माल नसतो. थप्पी रिकामी असली की खपाचा आकडा खोटं बोलतो. काकाजी म्हणायचे, "गेलेल्या गिऱ्हाइकाचं काय लेवाचं लेका, गेलं ते गेलं." आता काउंटरच्या आत एक पाटी आहे, कोणी परत गेलं की खडूने रेघ मारायची. शनिवारी रेघा मोजून कागदावर उतरतात आणि पाटी पुसली जाते.

सोमवारी कागद हातात आला की मी पहिल्यांदा तो आकडा आजवर ओढत आणतो. शनिवारी संध्याकाळी ४०, मधले दोन दिवस बाराने २४ गेल्या असतील, रविवारी शंभर उतरल्या, म्हणजे आज साधारण ११६ असायला हव्यात. मग गल्ल्यावरून फोन लावतो. लागला तर विचारतो, थप्पी किती दिसते? काकाजी नजरेने सांगतात, "शंभर-सव्वाशे." जुळलं, पुढे चला. "पन्नासेक असतील" असं म्हणाले तर कागद बाजूला ठेवून आधी फरक शोधायचा. तो सापडेपर्यंत ऑर्डर नाही. आणि समजा खप खरंच वाढलेला निघाला, तरी एका आठवड्याच्या आकड्यावर सगळी उडी मारायची नाही. मी मागच्या तीन आठवड्यांची सरासरी धरतो आणि फरकाच्या निम्म्यानेच ऑर्डर वाढवतो. बाबांना हे भित्रेपणाचं वाटते. दोन वर्षांत त्यामुळे एकदा माल कमी पडला. आधी दर हंगामात दोन-तीनदा जास्त पडायचा.

आता हंगामातली गोष्ट. काकाजींच्या गोदामात वीस-वीसच्या थप्पीला खडूची एक आडवी रेघ आहे. त्या रेघेखाली ८० बॅगा बसतात. थप्पी रेघेला टेकली की काकाजींचा नातू गच्चीवर जाऊन मला मिस कॉल देतो. बोलायची गरजच नाही. ८० कुठून आले? गाडीला ५ दिवस, बाराने ६०, आणि पाच दिवसांच्या चढउताराला २० च्या आसपास. इथे शनिवारची वाट पाहायची नाही, म्हणून ते सात दिवस गळाले आणि बातमीचे दोनही गळाले. पावसाने उघडीप दिली आणि दोन दिवसांत गर्दी उसळली, तर मिस कॉल मंगळवारीच येतो. मोठमोठ्या कारखान्यांत दोन खोक्यांची पद्धत असते, एक रिकामं झालं की ते खोकंच मागणीची चिठ्ठी बनते. आमचं त्यातलंच, फक्त खोक्याऐवजी खडू. एकच पथ्य आहे: एका मिस कॉलची गाडी उतरेपर्यंत दुसऱ्या मिस कॉलवर ऑर्डर द्यायची नाही, आधी फोन करायचा. नाहीतर वाटेतला माल विसरायची जुनी खोड परत.

हे फक्त आठ-दहा वस्तूंसाठी. दुकानात चारेकशे वस्तू आहेत, पण पैसा अडकतो आणि गिऱ्हाईक चिडते ते मोजक्या खतांवर आणि दोन-तीन कीटकनाशकांवर. बाकीच्यांना कागद पुरतो. नळीचे नोझल शनिवारचे असले काय आणि गेल्या महिन्याचे असले काय.

युरिया आणि डीएपीचं गणित वेगळं आहे, आणि तिथे उशीर आपल्या हातून वर जातो. ऑक्टोबर २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आणि मार्च २०१८ पर्यंत देशभर, अनुदानाचं खत पॉस मशीनवर विकायची पद्धत आली. शेतकऱ्याचा अंगठा लागला की विक्रीची नोंद होते आणि त्या नोंदीवर कंपनीला अनुदान मिळते. युरियाची ४५ किलोची बॅग शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते ती त्या अनुदानामुळे. नियमाने आधी अंगठा, मग बॅग. पण रेंज नसलेल्या गावात, आभाळ भरून आलेलं असताना, बैलगाडी दारात उभी असताना काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. बॅगा जातात आणि अंगठे मागून लागतात. तेवढे दिवस मशीनमध्ये काकाजींकडे ६० बॅगा दिसतात आणि गोदामात उंदीर खेळतात. वर बसून वाटप ठरवणारा मशीनच बघतो. त्याला वाटते, या गावात माल आहे, पुढची गाडी दुसरीकडे पाठवा. मी शनिवारचा कागद सोमवारचा समजून जी चूक केली, तीच चूक तो आमच्याबाबत करतो, आणि त्याला शिळी बातमी आम्हीच दिलेली असते. शिवाय तपासणीत मशीन आणि गोदाम जुळलं नाही तर कारवाई आहेच. म्हणून आता काकाजी मशीन घेऊन गच्चीवर बसतात आणि शेतकरी जिना चढून अंगठा देतो. बॅग खालून उचलायची.

दुसरी भानगड तुटवड्याच्या अफवेची. "यंदा डीएपी नाही भेटत" असं कोणी एसटीत बोललं की तालुक्यातला प्रत्येक दुकानदार दुप्पट मागतो, कारण मागितलं त्याच्या निम्मंच मिळेल असं त्याला वाटते. वरच्याला दिसते की मागणी दुप्पट झाली. तो त्याच्या वरच्याकडे तिप्पट मागतो. हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलं, त्याला आसूडाचा परिणाम म्हणतात: मुठीत जराशी हालचाल, टोकाला सणसणीत फटका. त्यांचं उदाहरण लहान बाळांच्या लंगोटांचं होतं. बाळं काही हंगाम पाहून ओली होत नाहीत, खप वर्षभर सारखा, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र हेलकावत होत्या. कारणं त्यांनी चार सांगितली: प्रत्येकाने आपापला अंदाज लावणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, भाव वरखाली होणं आणि तुटवड्याच्या भीतीने फुगवून मागणं. चारही आमच्या तालुक्यात एका चहाच्या टपरीवर सापडतात. यावर माझ्यापुरता उपाय एवढाच की ठोक विक्रेत्याला ऑर्डरीसोबत गेल्या तीन आठवड्यांचा खपही पाठवतो. पहिल्या वर्षी तो हसला. दुसऱ्या वर्षी माल आला तेव्हा त्याने आमची गाडी आधी काढली, कारण बाकीच्यांच्या आकड्यांत किती हवा आहे हे त्याला कळत नव्हतं.

बियाण्याला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. मृगाचा चांगला पाऊस पडला की कपाशीचं बियाणं चार-पाच दिवसांत उचललं जाते. गाडीलाच पाच दिवस लागतात, मग बातमी मिनिटाभरात आली काय आणि शनिवारी आली काय. तिथे पावसाच्या आधीच एकदा अंदाज बांधून माल ठेवावा लागतो. कोणती कंपनी उरलेलं परत घेते आणि कोणती नाही, यावर तो अंदाज वर-खाली करायचा. परत घेणारीचं थोडं जास्त, न घेणारीचं थोडं कमी. आणि पावसाने दगा देऊन दुबार पेरणीची पाळी आली तर सगळेच अंदाज कोलमडतात. त्या वर्षी दोन्ही दुकानांतलं बियाणं एका जागी ठेवून, जिकडे लागेल तिकडे मोटारसायकलवर पोचवणं आम्हाला बरं पडलं.

या शनिवारचा काकाजींचा कागद समोर आहे. "शनिवार, संध्या. ७.३०. वीस-वीस ९२. चलन ४१७ ची गाडी धरली. परत गेले ३. काल अंगठे सगळे झाले." खाली वेगळ्या अक्षरात नातवाने लिहिलंय: रेघ पुसली होती, आजोबांनी अंदाजाने मारली. सोमवार उजाडायच्या आत तिकडे जाऊन ८० बॅगा मोजून रेघ पुन्हा मारायची आहे, या वेळी तेलरंगाने.